न बोलावलेले पाहुणे

समजा तुम्ही स्वतःची वेबसाइट तयार केलीत. त्यावर स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम ठेवलेत, ते कसे लिहिले ते समजावून सांगितलंत आणि खाली अभिप्रायासाठी जागा ठेवलीत. दुसऱ्या दिवशी बघता तर काय, चाळीस अभिप्राय! 'फारच छान माहिती. आमच्या साइटलाही भेट द्या.' पण नीट वाचलं तर चाळीसही जणांचे शब्द तेच, आणि प्रत्येकाच्या शेवटी कुठल्या तरी औषधाच्या नाहीतर जुगाराच्या साइटचा पत्ता! न मागता येणाऱ्या या कचऱ्याला म्हणतात 'स्पॅम'.

गंमत म्हणजे स्पॅम हा अमेरिकेत १९३७ पासून मिळणारा मांसाचा डबाबंद पदार्थ आहे. १९७० साली बीबीसीवरच्या 'मॉन्टी पायथन' या विनोदी कार्यक्रमात एक उपाहारगृह दाखवलं होतं. तिथे जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम, आणि त्याच नावाच्या गजरापुढे कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना! पुढे नकोशा संदेशांना तेच नाव चिकटलं.

आता प्रश्न असा, की हे अभिप्राय लिहितं कोण? बहुतेक वेळा 'बॉट' नावाचा प्रोग्रॅम. आणि बरं का, त्याला तुमच्याशी बोलायचंच नसतं! त्याचा डोळा असतो सर्च इंजिनवर. १९९८ साली गूगल सुरू झालं, तेव्हा त्याची युक्ती अशी होती: ज्या पानाचा पत्ता इतर अनेक पानांवर दिलेला असेल, ते पान महत्त्वाचं. म्हणजे प्रत्येक पत्ता हे जणू एक मत. बॉट तुमच्या पानावर येऊन करतो ते बोगस मतदान!

म्हणून २००५ साली गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एक खूण मान्य केली. ती पत्त्याला जोडली, की 'हे माझं मत नाही' असं सर्च इंजिनला कळतं. तरी कचरा थांबला नाही. हजारो पानांवर तो टाकायला बॉटला खर्च जवळजवळ काहीच येत नाही, आणि वाचणाऱ्यांपैकी एखादा तरी पत्त्यावर क्लिक करतोच. तो फसला, तर फसला तुमच्या पानावर, तुमच्यावर विश्वास ठेवून.

मग उपाय काय? एक उपाय म्हणजे वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा 'कॅप्चा'. पण पुढे यंत्रंही ती अक्षरं वाचायला शिकली. दुसरा उपाय मोठा मजेदार आहे. अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये एक रकाना लपवून ठेवायचा. माणसाला तो दिसत नाही, त्यामुळे तो रिकामाच राहतो. बॉट मात्र बहुधा दिसेल तो रकाना भरत सुटतो. लपवलेला रकाना भरला, की चोर सापडला! तिसरा उपाय साधा: आधी स्वतः वाचायचं, मगच छापायचं.

पण सावधान! चाळणी फार बारीक केली, तर कोंड्याबरोबर दाणेही जातात. कुणी खरोखरच लिहिलं असेल, 'तुमच्या सातव्या ओळीत चूक आहे, दुरुस्त प्रोग्रॅम या पत्त्यावर पाहा,' तर पत्ता दिसतो म्हणून तेही स्पॅममध्ये जाईल. तुम्हाला काही शिकवू पाहणारा मित्र असा हातचा जाईल. म्हणून कचऱ्याची टोपली रिकामी करण्याआधी तिच्यावर एक नजर टाकाच. मात्र अनोळखी पत्त्यावर एकट्यानं क्लिक करू नका, आई-बाबांना नाहीतर ताई-दादाला दाखवा.

करून पाहा: मित्राच्या एखाद्या चित्रावर किंवा निबंधावर दोन ओळींचा अभिप्राय लिहा. अट एकच, तो दुसऱ्या कुणाच्याही चित्राला किंवा निबंधाला लागू पडता कामा नये. 'फारच छान' लिहिलंत, तर बाद!