मोजणं आणि सुरात सूर मिसळणं

मंडळी, आमच्या नातेवाइकांतली जी पोरं प्रोग्रामिंग शिकतात, त्यांच्यात सध्या एक नवा खेळ चालू आहे. बेरीज करणं, अक्षरं मोजणं, यादी क्रमाने लावणं यासाठी पायथॉनमध्ये तयार फंक्शन्स असतात. ती बाजूला ठेवून पोरं भाषा-मॉडेललाच सांगतात, "तू बेरजेचं फंक्शन आहेस असं समज आणि फक्त उत्तर दे." उत्तर येतं, पुष्कळदा बरोबरही येतं. गंमत म्हणून ठीक. पण खऱ्या कामात हे करू नये, असं माझं मत आहे.

कारण सांगतो. वर्गात पावकी-निमकी म्हणताना दोन प्रकारची मुलं असत. काही मनात हिशोब करत, काही नुसती सुरात सूर मिसळत. मॉडेल दुसऱ्या प्रकारचं. पुढे काय येणं संभवतं ते ओळखतं, मोजत नाही. शब्दही त्याला अक्षरांत नाही, तुकड्यांत मिळतात. म्हणूनच 'स्ट्रॉबेरी'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'आर' तीन असताना मॉडेल दोन सांगतं, यावरून २०२४ मध्ये जगभर हसं झालं.

कोणी म्हणेल, गुरुजी, फंक्शन तरी कुठे शहाणं? खरं आहे. आपल्या 'यवतमाळ'मध्ये अक्षरं पाच, पण पायथॉनचं 'लेन' सहा सांगतं. काना ते वेगळा मोजतं. साधं 'सॉर्ट' लावलं तर 'काळ' हा शब्द 'कावळा'च्या आधी येतो, कारण युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्या नंतर. पण ही चूक हजार वेळा केली तरी तीच येईल. तिचं कारण सापडतं, ती दुरुस्त होते. मॉडेलची चूक आज असते, उद्या नसते, परवा वेगळीच. ती धरायची कुठे?

आपल्याकडचाच हिशोब घ्या. कापूस १७ क्विंटल ६३ किलो, २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये. झाले १,३२,५९५ रुपये २३ पैसे. मॉडेलने अंदाजाने १,३२,२९५ म्हटलं, तर तेही दिसायला तितकंच खरं दिसेल. शेतकऱ्याचे तीनशे रुपये जातील आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

मग मॉडेल नकोच का? तसं नाही. त्याच्याकडून फंक्शन लिहून घ्या, वाचून पाहा आणि हिशोब फंक्शनला करू द्या. आता काही मॉडेल्सना तशी सोयच दिलेली असते: मोठी आकडेमोड आली की ती छोटा प्रोग्राम लिहून चालवतात. हे मला पटतं. ज्याला मोजता येत नाही त्याने मोजणाऱ्याला हाक मारावी, यात कमीपणा कसला?

असो. तुमच्याकडची पोरं काय करतात, जरूर कळवा.