तांडेल म्हणजे 'कटकट' नव्हे!

मंडळी, पोस्ट मोठी आहे. तरी विजयदुर्ग, गिर्ये, रामेश्वर आणि खाडीच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

गेले आठ दिवस आपल्या ग्रुपवर एक जाहिरात फिरते आहे. "स्वतः चालवा बोट! विजयदुर्गचं नैसर्गिक बंदर, अख्खी खाडी तुमची! लायसन्स नको, अनुभव नको, दहा मिनिटांत शिकवतो. सोबत कोणी नाही, कसली कटकट नाही." जाहिरात कोणाची ते मी लिहीत नाही. आज हा आहे, उद्या दुसरा येईल. माझं भांडण माणसाशी नाही, धंद्याच्या या पद्धतीशी आहे.

आधीच सांगतो, मी पर्यटनाच्या विरोधात नाही. माझ्या घरच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देतो आणि मुलांच्या फीचे पैसे त्यातूनच निघतात. बोटिंगच्याही विरोधात नाही. लोकांनी खाडी बघावी, किल्ला पाण्यातून बघावा, हे मलाही हवं आहे. पण त्या जाहिरातीतला 'कटकट' हा शब्द माझ्या डोक्यात गेलाय. ही 'कटकट' म्हणजे कोण? तर तांडेल! ज्याला भरती-ओहोटी, वारा, खडप, कोणाची जाळी कुठे मारलीत, हे सगळं पाठ आहे, तो माणूस. तोच नको आणि बोट मात्र हवी. आता बोला.

नैसर्गिक बंदर म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. माणसाने भिंत न घालता डोंगर, भूशिर आणि खाडीचा वळसा यांनी जिथे जहाजांना आसरा मिळतो ते नैसर्गिक बंदर. आपलं विजयदुर्ग त्यात वरच्या नंबरात. वाघोटन खाडीच्या मुखाशी वाळूचा बार नाही, म्हणून मोठी जहाजंसुद्धा पावसाळ्यात इथे आत येऊन उभी राहत. इंग्रजांच्या गॅझेटियरनेही हे नोंदवून ठेवलंय. पण ही सोय होती कोणासाठी? ज्यांना जहाज हाकता येतं त्यांच्यासाठी. बंदर जहाजाला लाटेपासून वाचवतं. नवख्या माणसाला त्याच्या अज्ञानापासून वाचवत नाही. 'पाणी शांत दिसतंय, म्हणजे सुरक्षित आहे', ही समजूत सगळ्यात घातक.

एक साधं गणित बघा. पर्यटक सकाळी किल्ला बघतो, दुपारी जेवतो आणि तीन-चार वाजता बोटीकडे वळतो. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा तोपर्यंत पडलेला असतो आणि समुद्रावरून आत येणारा वारा जोर धरतो. त्या वेळी नेमकी ओहोटी असेल तर खाडीचं पाणी बाहेर ओढत असतं. पाणी बाहेर, वारा आत. दोघांची टक्कर मुखाशी होते आणि तिथे लाट आखूड, उभी उठते. धक्क्यावरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. आतल्या शांत पाण्यातून लहान बोट बाहेर नेणाऱ्याला ते तिथे पोचल्यावर कळतं. मग घाबरून तो बोट एकदम आडवी वळवतो. लाट कुशीवर घेतली की लहान बोटीचं काय होतं, ते इथल्या दहा वर्षांच्या पोरालाही माहीत आहे.

बरं, ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे "काल माझा मित्र चार वाजता गेला होता, काही झालं नाही" याला काडीचा अर्थ नाही. उधाणाला पाणी दोन मीटरच्या वर चढतं-उतरतं. जाताना जिथून बोट सहज गेली, तिथेच येताना चिखलात रुतते. खारेपाटणपर्यंत एके काळी गलबतं जायची, आज वरच्या अंगाला गाळ किती आहे ते बघून या. 'अख्खी खाडी तुमची' म्हणणाऱ्याने यातलं काय सांगितलंय? दहा मिनिटांत काय शिकवणार, इंजिन चालू-बंद करायला?

आपल्या किल्ल्याचाच इतिहास घ्या. पश्चिमेकडे पाण्याखाली असलेली भिंत आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी ती पाण्यात उतरून तपासली. लांबी भरली सुमारे १२२ मीटर. शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटत, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आंग्र्यांनी हे ठिकाण धरून ठेवलं, गिर्येला गोदी बांधली, कारण इथलं पाणी त्यांच्या माणसांना पाठ होतं आणि परक्याला नव्हतं. हीच आपली ताकद म्हणून मिरवायची आणि त्याच पाण्यात अनोळखी माणसाच्या हातात किल्ली देऊन "जा, मजा कर" म्हणायचं? गाईड म्हणून सांगायला इतिहास चालतो, धंदा करताना तो आठवत नाही का?

आता नेहमीचे तीन युक्तिवाद घेतो.

पहिला : "परदेशात सगळीकडे चालतं." हो, चालतं. पण कसं चालतं ते पूर्ण सांगा. सिडनीचं बंदर जगातल्या मोठ्या नैसर्गिक बंदरांपैकी एक. तिथे लायसन्सशिवाय इंजिनाची बोट चालवता येते, पण वेग १० नॉटच्या आत, म्हणजे ताशी साधारण १८ किलोमीटर. त्याच्या वर जायचं तर लायसन्स लागतं. फ्रान्समध्ये परवान्याशिवाय मिळते ती फक्त ६ हॉर्सपॉवरपर्यंतची बोट. इंग्लंडमधल्या पूल नावाच्या बंदराचं पाणी बरंचसं उथळ, चिखलाचं, आपल्या खाडीसारखंच. तिथेही वेगाला १० नॉटची मर्यादा आहे, पक्ष्यांसाठी शांत क्षेत्रं आखून दिली आहेत आणि देखरेखीला बंदर अधिकारी आहे. लाल-हिरवे बोये लावून वाट दाखवलेली असते. आत येताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. म्हणजे तिथे तांडेल काढला, तर त्याचं ज्ञान आधी पाण्यावर लिहून ठेवलं. आपल्याकडे तांडेल काढायचा आणि त्याच्या जागी काहीच ठेवायचं नाही, असा बेत आहे. परदेशाचं नाव घ्यायचं तर पूर्ण घ्या, अर्धं नको.

दुसरा : "गाडी चालवता येते, मग बोट का नाही?" कारण बोटीला ब्रेक नसतो. इंजिन बंद केलं तरी ती पुढे जाते, वारा आणि पाणी तिला आणखी कुठेतरी नेतात. आणि इंजिन चालू असताना चालवणारा पाण्यात पडला तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते, पंख्यासकट. त्यासाठी मनगटाला बांधायची एक दोरी असते. माणूस पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद. ती दोरी प्रत्येक ग्राहकाच्या हाताला बांधल्याशिवाय बोट सोडणार नाही, एवढं तरी कोणी लिहून देईल का? अरुंद वाटेत उजव्या अंगाने राहायचं, जाळी ओढणाऱ्या होडीच्या आड यायचं नाही, हे नियम कोण शिकवणार?

तिसरा युक्तिवाद जरा टोकाचा, पण तो नेहमी येतो : "तांडेल असतानाही अपघात होतातच की!" होतात. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाची बोट उलटली, दोन पर्यटक गेले. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली, १५ माणसं गेली. बोटीत शंभरावर लोक होते आणि जवळून जाणाऱ्या पायलट बोटीने, इतर बोटींनी धावत येऊन बाकीच्यांना काढलं. यातून शिकायचं काय? लाइफ जॅकेट अंगावर हवं, बोटीत माणसं मोजून हवीत, मदत जवळ हवी. माहीतगार माणूस असूनही जिथे जीव जातात, तिथे तोही काढून टाका, हे कुठलं शहाणपण? डॉक्टर असूनही रोगी दगावतो, म्हणून कोणी दवाखान्यातून डॉक्टर काढत नाही.

आता पैशाचं बोलू, कारण खरी मेख तिथे आहे. बोटीचं भाडं घेणारा एक. पण पंख्यात जाळं गुंतून फाटलं तर भरपाई कोण देणार? ज्याचं जाळं फाटलं त्याचा त्या दिवसाचा धंदा गेला, दुरुस्तीचे दिवस गेले. पर्यटक संध्याकाळी पुण्याला परत. बोट बंद पडून ओहोटीबरोबर बाहेर वाहायला लागली तर धावणार कोण? आपलेच पोरगे, आपल्या होडीतून, आपलं डिझेल जाळून. धावतीलच, त्यात प्रश्नच नाही. पण याला धंदा म्हणत नाहीत. नफा एकाचा आणि जोखीम अख्ख्या गावाची, याला दुसरं नाव आहे, ते इथे लिहीत नाही.

आणखी एक गंमत. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर आपल्या मच्छीमाराला बायोमेट्रिक ओळखपत्र आलं. बोटीला नंबर, रंग, जाताना नोंद, येताना नोंद. बरोबरच आहे, अतिरेकी समुद्रातून आले होते. पण जन्मापासून या पाण्यावर राहणाऱ्याने कार्ड दाखवायचं आणि काल रात्री आलेल्या माणसाने आधार कार्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकून बोट घेऊन जायची, हा कुठला न्याय? शिवाय आपली खाडी दोन जिल्ह्यांत वाटलेली. या काठावर सिंधुदुर्गातला देवगड तालुका, पलीकडे रत्नागिरीतला राजापूर. बोट मधोमध अडकली तर फोन कोणाच्या पोलिसांना लावायचा, हे तरी ठरलंय का?

काही जण म्हणतील, सगळं बंदच करा. तेही मला मान्य नाही. बंदी घातली की धंदा चोरून चालतो आणि चोरून चाललेला धंदा जास्त जीव घेतो. म्हणून मागण्या सरळ मांडतो :

१. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने इंजिनाच्या बोटीला नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. ते कागद बोटवाल्याने धक्क्यावर लावावेत. नसतील तर बोट सुटणार नाही.

२. खाडीत किती आत आणि मुखाकडे कुठपर्यंत जायचं, ती हद्द महाराष्ट्र सागरी मंडळाने बोये लावून आखावी. मुखाबाहेर स्वतः चालवायची बोट अजिबात नको.

३. इंजिन लहान, वेग मर्यादित. लाइफ जॅकेट आणि ती मनगटाची दोरी सक्तीची. दारू प्यायलेल्याला बोट नाही.

४. धक्क्यावर रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि वाऱ्याची सूचना मराठीत लिहिलेली हवी. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबरही मोठ्या अक्षरांत.

५. मदतीची एक बोट माणसासकट तयार हवी. खर्च बोटवाल्याचा.

६. जाळ्याच्या नुकसानीसाठी आधी अनामत, मग किल्ली.

७. हद्द ठरवताना मच्छीमार सोसायटीचं लेखी मत घेतल्याशिवाय काही ठरू नये.

आणि हे सगळं होईपर्यंत एक सोपा मार्ग आहे. पर्यटकाला बोट चालवायची हौस आहे ना? चालवू दे. सुकाणू त्याच्या हातात, तांडेल त्याच्या शेजारी. तांडेल सांगेल, "आता जरा डावीक घे, थंय खडप आसा." दोन तासांत पाहुण्याला खाडी कळेल, फोटो मिळेल, जीवही राहील आणि आपल्या एका घरात चूल पेटेल. ज्या पोरांना मुंबईला जाऊन वॉचमनची नोकरी करावी लागते, त्यांना इथेच रीतसर प्रमाणपत्र मिळवून देता येईल. गेल्या वर्षी, २०२५ च्या यादीच्या बातमीनंतर आपण फटाके वाजवले, विजयदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारशात आला म्हणून. नाव झालं, आता माणसं येणारच. ती आल्यावर त्यांना खाडी दाखवणार कोण, हे आत्ताच ठरवायला हवं.

आपल्याकडे म्हातारी माणसं सांगतात, दर्यो कोणाची वाट बघणा नाय. तो नियम तयार होईपर्यंत थांबणार नाही. म्हणून पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी लेखी देणार आहे. ज्यांना पटतंय त्यांनी सहीला या. ज्यांना पटत नाही त्यांनीही या आणि तोंडावर बोला. कमेंटमध्ये वाद घाला, जरूर घाला, फक्त मुद्द्यावर घाला. कोणाच्या जातीवर, पक्षावर गेलात तर कमेंट उडवीन.

पोस्ट शेअर करायला परवानगीची गरज नाही. खाडीपलीकडच्या राजापूरकरांपर्यंत नक्की पोचवा. पाणी त्यांचंही आहे.