वायरचे वेटोळे आणि पोराचा पगार

हिवरा आश्रमहून आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा आयटीआय करून पुण्यात एका ठेकेदाराकडे संगणकाच्या केबल जोडण्याच्या कामावर आहे. एका ऑफिसात लोंबकळणारी वायर दिसली म्हणून त्याने तिचे मोकळे टोक भिंतीतल्या सॉकेटात खोचले. बघता बघता ते ऑफिस ठप्प, त्याची नाशिकची शाखा ठप्प आणि त्याच लाइनवरच्या एका परक्या कंपनीचेही काम ठप्प. ठेकेदाराने महिन्याचा पगार कापला, वर "तुम्हा लोकांना हे जमायचे नाही" असे सुनावले. "माझ्या पोराची चूक किती, तेवढे सांगा," असे बाईंनी विचारले आहे.

आम्ही जाणत्यांना विचारून हे लिहीत आहोत.

जयंतीच्या मिरवणुकीत माईक कर्ण्यासमोर आला की कसा कान फाडणारा आवाज होतो, हे आपल्या प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे. कर्ण्यातला आवाज माईकात, माईकातला पुन्हा कर्ण्यात. नेटवर्कचेही तसेच. वायरी जिथे एकत्र येतात त्या पेटीला स्विच म्हणतात. 'सर्वांना कळवा' असा निरोप आला की स्विच तो बाकीच्या सगळ्या वायरींवर धाडतो. एकाच वायरची दोन्ही टोके त्याच जाळ्यात गेली, म्हणजे वेटोळे झाले, की तोच निरोप फिरून परत येतो आणि पुन्हा धाडला जातो. किती फेऱ्या झाल्या याची नोंद त्या निरोपावर नसते, म्हणून तो आपोआप थांबतही नाही. थोड्याच वेळात लाइन तुंबते.

यावरचा उपाय १९८५ साली एका बाईंनी काढला. रेडिया पर्लमन त्यांचे नाव, अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीत त्या नोकरीला होत्या. उपायाचे नाव स्पॅनिंग ट्री. स्विच दर दोन सेकंदांनी एकमेकांना ओळखनिरोप पाठवतात, सर्वांत लहान क्रमांकाच्या स्विचला मूळ मानतात आणि जास्तीचा रस्ता मिटून ठेवतात. चालू रस्ता तुटला तर मिटलेला उघडतात. तेव्हा दोन रस्ते असणे हा दोष नव्हे, दोन्ही एकदम उघडे असणे हा दोष. (बाईंनी आपल्या शोधनिबंधात यावर एक कविताही घातली होती!)

खरी मेख पुढेच आहे. लाइन पुरवणारी कंपनी एकाच जाळ्यातून अनेक गिऱ्हाइकांचा माल नेते. तिच्या स्विचनी गिऱ्हाइकांचे ओळखनिरोप आपलेच समजून वाचले, तर सगळ्यांचे मिळून एकच झाड होते. मग कुणाही गिऱ्हाइकाचा लहान क्रमांकाचा स्विच साऱ्या जाळ्याचे मूळ होऊन बसेल, आणि एका घरात वायर हलली की गल्लीतल्या सगळ्यांचे रस्ते बदलतील. बरे, ते निरोप फेकून दिले तर? गिऱ्हाइकाच्या दोन शाखांमध्ये दुसरी खासगी लाइन असली, तर लाइनवाल्यांच्या पोटातून वेटोळे तयार होईल आणि दोन्ही शाखांना त्याचा पत्ता लागणार नाही.

म्हणून वाचायचेही नाही, फेकायचेही नाही. पोस्टमन बंद पाकीट नेतो तसे पोहोचवायचे. २००५ साली ठरलेल्या ८०२.१एडी या नियमाने हेच केले. लाइनवाल्यांच्या स्वतःच्या ओळखनिरोपांना वेगळा पत्ता दिला. गिऱ्हाइकाच्या मालावर वरून आणखी एक चिठ्ठी लावली, आणि त्याचे ओळखनिरोप साध्या मालासारखे पलीकडच्या टोकाला नेले. ज्याचे झाड त्याच्याच अंगणात. पण गिऱ्हाइकाने झाड चालूच केले नसेल, तर पूर येणारच. त्यासाठी लाइन जिथे गिऱ्हाइकाला जोडतात तिथेच निरोपांवर मर्यादा घालावी लागते.

आता मुलाचा हिशेब. न विचारता वायर खोचली, एवढी चूक त्याची. पण एका टोकाने ऑफिस आणि नाशिकची शाखा बंद पडते, तेव्हा त्या ऑफिसच्या स्विचमध्ये वेटोळे रोखणारी सोय बंद होती काय, हे आधी बघायला हवे. आणि परक्या कंपनीचे काम बंद पडले ते मुलाच्या माथी मारताच येत नाही. ते पाप लाइन मांडणाऱ्यांचे.

बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस या नामांकित रुग्णालयाचे नेटवर्क २००२ च्या नोव्हेंबरात असेच कोसळले. जाळे वाढत गेले, मांडणी जुनीच राहिली, झाड पेलेना. चार दिवस डॉक्टर-नर्स कागदावर काम करीत होते. तिथल्या संगणकप्रमुखांनी ही हकीकत पुढे जाहीरपणे सांगितली. तिथे बडे इंजिनियर होते, म्हणून कुणी जात काढली नाही.

नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराला म्हणणे मांडू द्यावे लागते. १९३६ च्या पगार कायद्यापासून ही तरतूद आहे. १९४२ ते १९४६ बाबासाहेब मजूरमंत्री होते, त्यांच्या लेकरांनी तरी कायदा वाचावा. मुलाने कपातीचे कारण लेखी मागावे. त्या दिवशीची स्विचमधली नोंद, जिला लॉग म्हणतात, ती पुसली जाण्याआधी मागावी. आणि दोन्ही कागदांची झेरॉक्स आमच्याकडे स्पीड पोस्टाने धाडावी.