समाधान आणि शरणागती

इतिहासाचार्य राजवाड्यांनी संतांवर निष्क्रियतेचा ठपका ठेवला, तेव्हापासून समाधानाचा गौरव करणारे साहित्य मराठी समीक्षेला संशयास्पद वाटत आले आहे. असे साहित्य गरिबाला निजवते, हा तो आक्षेप. रायपूरला राहिलेल्या विनोदकुमार शुक्ल यांच्या ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ (१९९७) या हिंदी कादंबरीवर तो घासून पाहावा. साहित्य अकादेमीने १९९९ साली तिला पुरस्कार दिला.

रघुवर प्रसाद गणिताचे प्राध्यापक. संसार भाड्याच्या एकाच खोलीत. तिच्या खिडकीतून ते आणि सोनसी उतरतात ते थेट तळ्याकाठी, चहा देणाऱ्या म्हातारीपाशी. खिडकीमुळे खोली मोठी होत नाही. महाविद्यालयाकडे जाणाऱ्या टेंपोतली गर्दीही हटत नाही. लेखकाने दारिद्र्य झाकलेले नाही. त्याला आयुष्याचे माप होऊ दिलेले नाही, इतकेच.

हे पलायन म्हणणाऱ्यांनी त्याच लेखकाची ‘नौकर की कमीज़’ (१९७९) शेजारी ठेवावी. तेथे साहेबाच्या घरी नोकराचा सदरा तयार असतो. तो अंगात बसतो म्हणून कारकून संतू बाबूवर चढवला जातो. ‘आहे त्यात भागवा’ हा उपदेश त्या सदऱ्यात शिवलेला आहे, रघुवर प्रसादांच्या खिडकीत नव्हे. वरून लादलेले समाधान ही शरणागतीच. परंतु आपल्यापाशी काय आहे हे ज्याला उमगले नाही, त्याला आपल्याकडून काय हिरावले जात आहे, हे तरी कसे उमगावे?