दोन चुलींचे घर

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वर्गात शिकवताना एक प्रश्न मला दरवर्षी ऐकावा लागतो. बहुधा एखादी मुलगीच विचारते, "पण मॅडम, शेवटी बाईंनाच नवऱ्याचा धर्म घ्यावा लागला ना?" प्रश्नात कुतूहलापेक्षा तक्रार अधिक असते, आणि ती अगदीच अस्थानी आहे असे मला म्हणवत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तो बायकोला विचारून नव्हे. तिच्या कानी बातमी आली ती सारे होऊन गेल्यावर. पदरी लहानगा दत्तू, आणि माहेरचे वळण असे की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज वडिलांना चालत नसे. अशा बाईवर तो दिवस कसा कोसळला असेल, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला सांगायला नको.

मात्र आपण या गोष्टीची सुरुवात लक्षात ठेवतो आणि शेवट लक्षात ठेवतो. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, १९०० साली लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या. मधली वर्षे आपण गाळतो, आणि मला विचाराल तर खरा संसार त्या मधल्या वर्षांतच आहे.

प्रथम काही वर्षे दोघे वेगळी राहिली. बाप्तिस्मा घेतलेल्याला त्याच कारणाने जोडीदाराने टाकले, तर कोर्टातून लग्न मोडून घेता यावे, असा कायदा १८६६ पासून होता. टिळकांनी ती वाट धरली नाही. पुढे लक्ष्मीबाई नगरकडे त्यांच्यापाशी आल्या, पण आल्या त्या हिंदू म्हणूनच. आपले सोवळे घेऊन आल्या. नवऱ्याची प्रार्थना चालू, बायकोचे देव चालू. चूल निराळी, पाणी निराळे. मिशनच्या वस्तीत हे दृश्य सगळ्यांनाच चमत्कारिक वाटत असणार. टिळक स्वभावाने उतावळे आणि तापट. पण या एका बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही. न विचारता धर्म बदलला हा त्यांचा अपराध म्हणा हवा तर. नंतर थांबले, हे मात्र त्यांच्या नावावर जमा करायला हवे.

आणि लक्ष्मीबाई बदलल्या त्या कशा क्रमाने? आधी जातीचा विटाळ गेला. माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, याचा त्यांनी आपल्याशीच विचार केला, आणि तो माणसाचाच उद्योग आहे असे ठरल्यावर कोणाच्याही हातचे खायला-प्यायला त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे घरातले पाणी एक झाले, तेव्हा देव अजून दोनच होते. वर्गातल्या त्या प्रश्नाला माझे उत्तर हे असते.

हे मी पुस्तकातून तर शिकवतेच. पण गेले वर्षभर घरातही हाच धडा चालू आहे. माझ्या भाचीने वसईकडच्या एका ख्रिस्ती मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. मुलगा घरी मराठीच बोलतो, आणि माझ्या भाचीपेक्षा चांगली बोलतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने कोणालाच धर्म सोडावा लागत नाही. तीस दिवस आधी नोटीस द्यायची, ती कचेरीत लागते, हरकत नसेल तर तीन साक्षीदारांसमोर सह्या. अशा लग्नाने हिंदू मुलगा किंवा मुलगी एकत्र कुटुंबातून विभक्त मानली जाते, आणि वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो, हेही आईबापांनी आधीच समजून घेतलेले बरे. चर्चमध्ये लग्न करायचे तर बिशपांची परवानगी लागते, आणि मुलांना कॅथलिक वळण लावण्यासाठी आपल्याकडून होईल ते करीन, असे वचन कॅथलिक जोडीदाराला द्यावे लागते. दोघांनी हे सारे नीट वाचून कचेरीची वाट धरली.

कायद्याचे काम तीस दिवसांत झाले. ताईचे अजून व्हायचे आहे. ती लग्नाला आली, आहेर केला, जावयाला "अहो" म्हणते. पण लेकीच्या घरी गेली की चहासुद्धा घेत नाही. "आज माझा उपास आहे गं," म्हणते. आठवड्यात इतके उपास ताईने जन्मात केले नसतील! भाचीला ते कळते. जावयालाही कळते. चाळीस दिवसांचा उपासकाळ त्यांच्याकडेही असतोच; तो एवढेच म्हणाला, "आई, उपासाचं काय चालतं ते सांगा, मी वेगळ्या भांड्यात करतो." ताईने उत्तर दिले नाही. घरी आल्यावर मला म्हणाली, "वेगळ्या भांड्यात म्हणाला गं तो!" आणि बराच वेळ गप्प बसली.

अशा लग्नांची चर्चा आपल्याकडे फार वरच्या पातळीवर चालते. देव एक की अनेक, मुले कोणत्या धर्माची, समाज काय म्हणेल. हे प्रश्न खोटे नाहीत. मुलांचे नाव कोणत्या पद्धतीने ठेवायचे, हे तर पाळणा हलण्याआधी बोलून ठेवावेच. पण माणसे दुखावतात ती न उचललेल्या कपामुळे. तत्त्वज्ञानाचा मतभेद नवराबायको वर्षानुवर्षे सहन करतात. आपल्या हातचे कोणी खात नाही, हे एक दिवसही सहन होत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी सून किंवा जावई आला आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे. श्रद्धेचा निकाल लावायची घाई करू नका. दोन देव्हारे एका घरात खुशाल राहतात. अडचण दोन पाण्यांची आहे. आणि ज्या तरुणांनी असे लग्न केले आहे, त्यांनीही आईबापांचे सोवळे आठ दिवसांत मोडायला निघू नये. लक्ष्मीबाईंसारख्या बुद्धिमान बाईलाही त्याला वर्षे लागली. ताई तर तुमच्याआमच्यासारखी साधी बाई.

या दिवाळीत भाचीने फराळाला बोलावले आहे. ताईने येते म्हणून कळवले आहे, आणि त्या दिवशी कोणता वार आहे हे मी मुद्दामच पाहिलेले नाही.