करवंटी, ९५० रुपये फक्त

दोस्तहो, शिव्या आधीच देऊन घ्या. होय, मी बारात गेलो होतो. गुत्त्यावर नाही, परमिट रूममध्ये नाही. कॉकटेल बारात. लोअर परळला, एका बंद गिरणीच्या आवारात. चळवळीतलाच आपला एक दोस्त बड्या कंपनीत साहेब झालाय. बढती मिळाली म्हणून ओढून घेऊन गेला. म्हणाला, पिऊ नको, नुसता बघ तरी.

बघितलं. बाहेर पाटी नाही. दारावरचा माणूस आधी चपला बघतो, मग तोंड. आत वीसेक खुर्च्या आणि मिणमिणता उजेड. इथं दारू नुसती ओतत नाहीत. काचेच्या हंडीत धूर कोंडतात, कोकम, चिंच, कढीपत्ता असलं आपल्या आयांच्या फडताळातलं सगळं दारूत घालतात आणि प्रत्येक पेल्याची एक गोष्ट सांगतात. यालाच म्हणतात नवा शोध. दोस्तानं मोहाच्या दारूचं कॉकटेल मागवलं. ते आलं करवंटीत. घासून चकचकीत केलेली नारळाची करवंटी, खाली पितळेचं कडं. किंमत ९५० रुपये, कर वेगळा.

पोरगा मातीच्या नात्याची गोष्ट सांगत होता. मला ऐकूच येईना. माझ्या आज्याला गावच्या हॉटेलात चहा करवंटीतच मिळायचा. करवंटी बाहेर वळचणीला खोचलेली. आपली आपण काढायची, वरून ओतून घ्यायची, उकिडवं बसून प्यायची, धुऊन परत खोचायची. पैसे मात्र कपात पिणाऱ्याएवढेच. ती गोष्ट यांच्या मेनूत नाही.

आणि जागा कुठली? गिरणी. याच गिरणगावातल्या साचेखात्यात आपल्या माणसाला बंदी होती. धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडानं ओढून काढावं लागायचं. महाराची थुंकी सुताला लागली तर शेजारचा कामगार बाटणार! म्हणून जास्त पगाराचं खातं आपल्याला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. पुढं १९८२ चा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, बहुतेक परत आत गेलेच नाहीत. आता तिथं दारू विकतात. जिथं आमचे ओठ चालले नाहीत, तिथं आज आमची करवंटी लोक ओठांना लावतात.

आता मोहाचं बघा. १८९२ साली इंग्रजानं ठाणे-कुलाब्याकडं मोहफुलांवर कायदा घातला. फुलं म्हणजे आदिवासींच्या दुष्काळातलं अन्न, पण सरकारला दारूचा महसूल हवा होता. आज गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ती लोकांनी, बायांनी लढून आणली, तिच्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. पण तिथं झोपडीत मोहाचा सडवा सापडला तर हंडा फुटतो, केस होते. इथं त्याच फुलाची गोष्ट होते. तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडं लायसन आहे. अरे बाबांनो, लायसन कुणाला मिळतं हाच तर सवाल आहे! २०१५ साली मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. गरिबाच्या दारूची गोष्ट तो मेल्यावरच छापून येते.

हे सगळं मी तिथंच बोललो. दोस्त चिडला. ‘तुझं आपलं नेहमीचं रडगाणं. जिथं बापाला दारात उभं केलं नसतं तिथं आपण खुर्चीवर बसलोय. हेच आपलं चवदार तळं!’

इथंच खरी मेख आहे, आणि हे म्हणणारा तो एकटा नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, ते तहान लागली म्हणून नव्हे. त्या ओंजळीत मागच्या हजारोंचा हक्क होता. तुझ्या करवंटीत कुणाचा हक्क आहे? तुझ्यामागून कोण आत आलं? चवदार तळ्यावर बिल आलं नव्हतं, भाऊ. आणि १९५६ ला नागपुरात दारू पिणार नाही अशी जी प्रतिज्ञा दिली, ती आपल्याला सोवळं करायला नव्हती. आपला पगार आणि आपलं डोकं आपल्याच ताब्यात राहावं म्हणून होती.

मोरीकडं गेलो तर मागं एक पोरगा करवंट्या विसळत होता. गळ्यात निळा दोरा. मी जयभीम म्हटलं. त्यानं आधी मागं वळून मालक आहे का बघितलं, मग हळूच जयभीम म्हणाला. एकच भिंत मधी. अलीकडं आपला साहेब पितो, पलीकडं आपलाच पोरगा त्याचं उष्टं विसळतो. याला समता म्हणायचं तर मग वळचणीची करवंटी काय वाईट होती?

दोस्तहो, आत शिरणं म्हणजे समता नव्हे. ज्याला ९५० परवडतात त्यानं खुशाल कमवावेत, पण त्याला मुक्ती म्हणू नये. आणि एक काम कराच. घरी म्हातारं माणूस असेल तर करवंटीची, कपाची, गिरणीची गोष्ट विचारून घ्या, लिहून काढा, पुढच्या अंकाला पाठवा. आपण नाही लिहिली तर ते मेनूत लिहितील. मग आपल्याच आज्याची गोष्ट आपल्याला विकत घ्यावी लागेल, कर वेगळा.

जयभीम.