पाम लावा, पण जागा पाहून

मुंबई, प्रतिनिधी - रस्त्याचा दुभाजक, गृहसंकुलाचे प्रवेशद्वार, मॉलचे आवार. सौंदर्यीकरण म्हटले की पामची रांग ठरलेली. वाढलेले झाड रोपवाटिकेतून आणून खड्ड्यात बसवले की आठवड्याभरात परिसर हिरवा दिसू लागतो. मात्र उन्हाळे अधिकाधिक तापदायक होत असताना या हिरवाईतून नागरिकांना काय मिळते, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त आहे.

पाम एकदलवर्गीय आहे. बहुतेक जातींना फांद्या नसतात. शेंड्यावर झावळ्यांचा झुबका एवढाच त्यांचा विस्तार. साहजिकच पादचाऱ्याला सावली जवळजवळ मिळत नाही. एकच खोड असलेल्या झाडाचा वाढीचा कोंबही एकच असतो. गेंडा भुंगा किंवा सोंड्या भुंग्याने तो पोखरला की झाड मरते. दुसरीकडे, मुळे तंतुमय असल्याने जलवाहिन्यांजवळ वा अरुंद पट्ट्यात पाम तुलनेने सुरक्षित ठरतो. म्हणजे दोष झाडाचा नाही, निवडीचा आहे.

अमेरिकेतील मायामी बीच हे तर पामसाठीच ओळखले जाणारे शहर. तेथेही २०२० मधील वृक्ष आराखड्याने निम्म्याहून अधिक असलेले पामचे प्रमाण २०५० पर्यंत २५ टक्क्यांवर आणून सावली देणारे वृक्ष वाढवण्याचे उद्दिष्ट ठेवले. कारण अर्थातच वाढती उष्णता.

आपल्याकडे सर्वाधिक पसंती रॉयल पामला. क्युबाचा हा राष्ट्रीय वृक्ष रुंद मार्गावर शोभतो खरा. पण त्याची काही मीटर लांबीची जड झावळी वाळून पडते, तेव्हा खाली वाहनतळ किंवा पदपथ नसावा. नारळाचेही तसेच. वेळेवर नारळ उतरवणे आणि खोडाची तपासणी टाळून चालत नाही. जुलै २०१७ मध्ये चेंबूर येथे नारळाचे झाड कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला होता. किनाऱ्यावरील वाळूमिश्रित जमिनीत, मोकळ्या जागी मात्र माडाला पर्याय नाही.

देशी जातींचा विचार अभावानेच होतो. शिंदी कोरडी आणि काहीशी खारट जमीनही सोसते. काटे असल्याने ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर हवी. ताड चिवट, सुगरणीच्या घरट्यांचा आधार. पण वाढ अतिशय सावकाश आणि मोठे झाड हलवणे कठीण, म्हणून बी जागेवरच रुजवणे श्रेयस्कर. भेर्ली माड देखणा, परंतु फुलोरे वरून खाली येत संपले की झाड मरते आणि फळांच्या गराने खाज सुटते. एकाच वयाची रांग लावली, तर ती साधारण एकाच सुमारास संपेल.

पादचारी चालतात, बसची वाट पाहतात, तेथे कडुनिंब, करंज, बकुळ, ताम्हण असे पर्णसंभार असलेले वृक्ष हवेत. पाम दुभाजक, कुंपणाची कड आणि किनारा येथे असावा. राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याचे बंधन आणले. संख्येचा हिशेब त्यामुळे झाला. पण सावलीचा हिशेब त्यातून आपोआप होत नाही. पालिकांनी लागवडीच्या निविदेतच जागेनुसार जाती निश्चित केल्या, तर करदात्यांच्या पैशातून शोभेबरोबर गारवाही मिळेल.